अठरा वर्षांचा अनंत आणि खिशातलं पिस्तूल

नाशिकला रणजीची मॅच असली की स्कोअरकार्डवर मैदानाचं नाव झळकतं, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. जुने नाशिककर त्याला अजून गोल्फ क्लबच म्हणतात. कोण किती रन काढतंय हे आपण बघतो, पण ज्याच्या नावाचं मैदान आहे तो कोण, हे शिरूरच्या किंवा दौंडच्या कॉलेज कट्ट्यावर विचारून बघा. दहातल्या दोघांना सांगता आलं तरी खूप झालं.

तर मंडळी, हा अनंत कान्हेरे फाशी गेला तेव्हा जेमतेम अठराचा होता. म्हणजे आजच्या हिशेबाने एफवायला. वयाने तुमच्याहून लहान, म्हणून या लेखात त्याला ‘अरे-तुरे’च केलंय, त्यात अनादर काही नाही. त्याची गोष्ट आज सांगायचं कारणही आहे. कमरेला कट्टा लावून रील काढणाऱ्या पोरांच्या बातम्या आपण आपल्याच भागातून वाचतो. त्यांतल्या काहींच्या स्टेटसला क्रांतिकारकांचे फोटोही असतात. त्यामुळे एकदा नीट बघूया की ज्याच्या खिशात खरंच पिस्तूल होतं, त्या मुलाचं आयुष्य कसं होतं आणि ते पिस्तूल आलं कुठून.

आधी आपल्याच मातीतून

सुरुवात शिरूरपासूनच करू. 1879 च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी आपला पहिला दरोडा टाकला तो शिरूर तालुक्यातल्या धामारीवर. सोबत रामोशी साथीदार. हत्यारं म्हणजे मुख्यतः तलवारी, काठ्या आणि थोड्याफार बंदुका. इंग्रज सरकारने आदल्याच वर्षी, 1878 मध्ये, शस्त्र कायदा आणला होता. परवान्याशिवाय हिंदी माणसाला बंदूक बाळगता येणार नव्हती, युरोपियनांना मात्र त्यातून मोकळीक होती. फडके यांना पैसा हवा होता तो फौज उभी करायला आणि शस्त्रं घ्यायला. तलवार काय, ठासणीची बंदूक काय, लपवून गर्दीत नेता येत नाही. म्हणून त्यांचं सगळं बंड डोंगरात आणि रात्रीत घडलं.

त्यानंतर अठरा वर्षांनी, 22 जून 1897 ला, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली ती पिस्तुलाने. पण तेही अंधारात, बग्गीच्या मागून. आणखी बारा वर्षांनी नाशिकला जे घडलं ते दिव्यांच्या उजेडात, भरल्या नाट्यगृहात. मधल्या काळात हत्यार बदललं होतं. ते खिशात मावायला लागलं होतं.

आयनीहून औरंगाबादला

अनंत लक्ष्मण कान्हेरे मूळचा कोकणातला, रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातलं आयनी हे त्याचं गाव. जन्म 1892 च्या जानेवारीतला. घर साधं, भावंडं बरीच. इंग्रजी शिक्षणासाठी त्याला औरंगाबादला मामांकडे धाडलं. गावात शाळा नाही म्हणून मामाकडे किंवा आत्याकडे राहून शिकणं, हे तुमच्यातल्या कित्येकांना ओळखीचं असेल.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. 1900 साली हैदराबादहून मनमाडपर्यंत रेल्वे आली आणि औरंगाबाद त्या वाटेवर आलं. मनमाडला गाडी बदलली की पुढे नाशिक. दौंडकरांनो, दौंडहून मनमाडला जाणारी लाइन त्याच्याही आधीची, 1878 ची. इकडून गेलात तरी त्या काळात नाशिकची वाट मनमाडवरूनच जायची.

मामांच्या घरून पुढे अनंत गंगाराम रूपचंद श्रॉफ या मारवाडी मित्राच्या घरी भाड्याने राहायला गेला. दोघांची घट्ट मैत्री झाली. इतकी की त्या मैत्रीवर अनंतने ‘मित्रप्रेम’ नावाची छोटी कादंबरीच लिहिली. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, दोस्तीवर कादंबरी लिहितो. आज असता तर ब्लॉग लिहिला असता, पॉडकास्ट केला असता. या वयात मित्र म्हणेल ती पूर्व दिशा असते आणि गंगारामची ऊठबस नाशिक-येवल्याकडच्या गुप्त मंडळातल्या लोकांत होती. तिथून अनंतची ओळख नाशिकच्या गणू वैद्य यांच्याशी झाली आणि पुढे कृष्णाजी गोपाळ कर्वे यांच्याशी.

कर्वे हे पदवीधर, कायद्याचा अभ्यास करणारे. नाशिकमधल्या गुप्त मंडळाचे तेच प्रमुख. तिसरे विनायक नारायण देशपांडे, पंचवटीतल्या शाळेत शिक्षक. एक लॉचा विद्यार्थी, एक मास्तर आणि एक शाळकरी वयातला मुलगा, असे हे तिघे.

नाशिकचा कलेक्टर

ज्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तो माणूस कोण होता, हेही माहीत असायला हवं. आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन हा नाशिकचा कलेक्टर. संस्कृतचा चांगला अभ्यासक, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. आपल्याकडच्या लोककथा, चालीरीती, समजुती यांच्या त्याने जमवलेल्या नोंदी त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. संशोधक आजही त्या चाळतात.

पण त्याच कलेक्टरने बाबाराव सावरकरांचा खटला वरच्या कोर्टाकडे सोपवला होता. बाबाराव म्हणजे गणेश दामोदर सावरकर, विनायकरावांचे थोरले बंधू. गुन्हा काय, तर राजद्रोही ठरवलेल्या कविता छापून प्रसिद्ध करणं. 1909 च्या जूनमध्ये त्यांना जन्मठेप, काळं पाणी आणि मालमत्ता जप्त अशी शिक्षा झाली. कवितांसाठी जन्मठेप! नाशिकच्या तरुणांच्या मनात काय पेटलं असेल, याची कल्पना करा. जॅक्सन मराठी-संस्कृत जाणतो, लोकांशी गोड बोलतो, हे त्यांच्या लेखी उलट अधिक धोक्याचं होतं. माणूस विद्वान असू शकतो आणि तरी अन्यायी सत्तेचा हात असू शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे इतिहास वाचताना आपल्याला पचवावं लागतं.

ब्राउनिंगच का?

आता पिस्तुलाकडे येऊ. त्या काळी खिशात ठेवायचं हत्यार म्हटलं की आधी रिव्हॉल्व्हर आठवायचं. त्यात फिरणारं गोल चक्र असतं, चक्रात पाच-सहा कप्पे, एकेका कप्प्यात एक गोळी. यंत्र साधं आणि भरवशाचं, पण चक्र जाड असल्यामुळे कोटाच्या खिशात फुगवटा दिसतो. सैन्यातली रिव्हॉल्व्हर तर किलोभराची, ती कमरेच्या पट्ट्यालाच शोभत.

अमेरिकेतल्या युटाह प्रांतात, ऑग्डेन गावच्या बंदूक कारागिराचा मुलगा जॉन ब्राउनिंग याने यावर वेगळा तोडगा काढला. चक्रच काढून टाकायचं, गोळ्या मुठीत उभ्या रचायच्या आणि एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने दुसरी जागेवर यावी अशी रचना करायची. बेल्जियममधल्या हर्स्टाल गावच्या कारखान्याने 1900 सालापासून ही पिस्तुलं बनवायला घेतली. चपटी, हलकी, साधारण पाव किलोच्या अडीच पुड्यांएवढ्या वजनाची. युरोपात दुकानांतून ती सर्रास विकली जात होती.

जगभरच्या गुप्त मंडळांना याचा अर्थ लगेच कळला. 26 ऑक्टोबर 1909 ला कोरियाच्या आन जुंग-गुन याने हार्बिन स्टेशनवर जपानचे बडे मुत्सद्दी इतो हिरोबुमी यांना मारलं ते ब्राउनिंगने. नाशिकच्या घटनेला तेव्हा दोन महिनेही बाकी नव्हते. पुढे 1914 मध्ये सारायेव्होला एकोणीस वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेलं पिस्तूलही ब्राउनिंगच्याच रचनेचं आणि त्याच हर्स्टालच्या कारखान्यातलं. त्यानंतर पहिलं महायुद्ध पेटलं, हे तुम्हाला शाळेपासून पाठ आहेच.

आपल्याकडे ही पिस्तुलं कशी आली, ते सरकारी चौकशीत पुढे नोंदवलं गेलं. लंडनला इंडिया हाउसमध्ये राहणाऱ्या विनायकराव सावरकरांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि गोळ्या मिळवल्या. इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन भारतात परत यायला निघाला होता. त्याच्या सामानातल्या एका पेटीला खोटा तळ बसवून त्यात ती दडवली. 1909 च्या मार्चमध्ये पेटी मुंबईला उतरली. ती पोहोचण्याच्या थोडं आधीच बाबाराव पकडले गेले होते. पण पिस्तुलं मधल्या लोकांच्या हातून फिरत राहिली आणि त्यांतली काही कर्वे यांच्यापर्यंत आली.

विजयानंद थिएटर, 21 डिसेंबर 1909

जॅक्सनला मारायचं काम अनंतने अंगावर घेतलं. पिस्तूल चालवायचा सराव झाला. आई-वडिलांना मागे आठवण राहावी म्हणून त्याने स्वतःचा फोटो काढून घेतला. आज आपण दिवसाला पन्नास सेल्फी काढतो, डिलिट करतो. या मुलाने फोटो काढला तो आपण परत येणार नाही हे ठरवूनच.

तेवढ्यात जॅक्सनची बदली झाल्याची बातमी आली. नाशिककरांनी त्याला निरोप द्यायचं ठरवलं. विजयानंद थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीचं ‘शारदा’ लागणार होतं. देवलांचं हे नाटक म्हणजे लहान मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्याच्या प्रथेवर कोरडे. जॅक्सन नाटकाचा शौकीन, त्याने निमंत्रण स्वीकारलं. बदलीमुळे तो हातातून निसटणार होता, म्हणून मंडळाने तीच रात्र धरली.

ठरलं ते असं. पहिली गोळी अनंत झाडणार. तो चुकला तर देशपांडे आणि तेही फसले तर कर्वे. तिघांकडेही हत्यार. काम झाल्यावर अनंतने स्वतःला संपवायचं, म्हणजे बाकीच्यांची नावं बाहेर पडणार नाहीत. त्यासाठी त्याच्याजवळ विषही होतं.

जॅक्सन थिएटरात शिरला तसा अनंत पुढे आला आणि त्याने गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच कोसळला. पुढच्या क्षणी डेप्युटी कलेक्टर पळशीकर आणि पोलीस खात्यातले निवृत्त अधिकारी मारुतराव तोरडमल यांनी काठ्यांनी अनंतवर हल्ला चढवला, आजूबाजूच्या लोकांनी त्याला धरलं. स्वतःवर गोळी झाडायला किंवा विष घ्यायला त्याला सवडच मिळाली नाही. पकडणारे हातही आपल्याच लोकांचे होते, हे विसरू नका. त्या रात्री त्या थिएटरात सगळे एका बाजूचे नव्हते.

पिस्तुलाचा माग

इथून पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते. खरी किंमत मात्र इथूनच मोजायला लागते.

योजना अनंतच्या मरणावर बेतलेली होती. तो जिवंत सापडला आणि योजना कोलमडली. काही दिवसांतच कर्वे, देशपांडे, वैद्य आणि इतर पकडले गेले. मुंबई हायकोर्टाच्या विशेष पीठापुढे खटला चालला. 29 मार्च 1910 ला निकाल लागला. अनंत, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी, आणखी तिघांना जन्मठेप. 19 एप्रिल 1910 च्या सकाळी ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी दिलं. देह नातेवाइकांच्या ताब्यात दिले नाहीत. थिएटरातल्या रात्रीपासून फाशीपर्यंत चार महिनेही झाले नव्हते.

ते पिस्तूल लपवता येतं म्हणून निवडलं होतं. खिशात ते लपलंही. पण कोर्टात टेबलावर आल्यावर त्यानेच सगळं उघड केलं. हे पिस्तूल अमीनच्या पेटीतल्या विसांपैकी एक, असं सरकारने दाखवून दिलं. अमीन माफीचा साक्षीदार झाला. नाशिकहून निघालेला धागा मुंबई, पॅरिस करत लंडनला पोहोचला. 13 मार्च 1910 ला सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. जुलैमध्ये मार्सेलिसला त्यांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली ती याच प्रवासात. नाशिक कटाच्या खटल्यात अडतीस आरोपी होते. 24 डिसेंबर 1910 ला सावरकरांना पहिली जन्मठेप झाली आणि 1911 च्या जानेवारीत जॅक्सनच्या हत्येला मदत केल्याबद्दल दुसरी. मिळून पन्नास वर्षं.

याशिवाय 1910 च्या फेब्रुवारीत सरकारने नवा प्रेस कायदा आणला. बंगालपासून नाशिकपर्यंतच्या अशा हत्यांची पार्श्वभूमी त्याला होती. छापखान्यांकडून अनामत रक्कम मागायची, मजकूर आवडला नाही की ती जप्त करायची. कवितांवरच्या जन्मठेपेचा राग म्हणून गोळी झाडली गेली आणि त्यानंतर लिहिण्या-छापण्यावरचा फास आणखी आवळला गेला. पत्रकारिता शिकणाऱ्या माझ्यासारखीला यातली ही बाजू सगळ्यात जास्त टोचते.

मग अनंतने केलं ते चूक की बरोबर? एका वाक्यात मार्कं देण्याची घाई करू नका. ज्या देशात मत द्यायला मतपेटी नव्हती, कविता छापली की काळं पाणी होतं, परवाना गोऱ्या कातडीला लागत नव्हता आणि आपल्याला लागत होता, तिथे एका मुलाने आपला जीव पणाला लावला. त्याला त्यातून स्वतःसाठी काहीही नको होतं. त्याच वेळी एक विद्वान माणूस बायको-मुलांना सोडून गेला आणि अनंतच्या मागे कित्येक घरांत वर्षानुवर्षं अंधार राहिला. दोन्ही मोजा, मग बोला.

आणि आजचा कट्टा

आता परत आपल्या शिरूर-दौंडकडे. कोणी म्हणेल, अनंतच्या खिशात होतं, मग आमच्या कमरेला असलं तर काय बिघडलं? बिघडतं ते असं.

1878 चा तो कायदा गेला. स्वतंत्र भारताने 1959 मध्ये स्वतःचा शस्त्र कायदा केला आणि तो गोऱ्या-काळ्यात फरक करत नाही. परवाना हवा असेल तर वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत, जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा, पोलीस तुमची चौकशी करणार आणि तुम्हाला खरंच गरज आहे का ते बघणार. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांना डोळ्यांसमोर ठेवून ‘निर्भीक’ नावाचं हलकं, पर्समध्ये मावणारं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. किंमत लाखाच्या वर. तेही परवाना दाखवल्याशिवाय मिळत नाही.

आणि विनापरवाना सापडलात तर? 2019 च्या दुरुस्तीनंतर साधं पिस्तूल किंवा कट्टा जवळ बाळगल्याबद्दल कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा होऊ शकते. लग्नाच्या वरातीत हौसेने हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या केसचा नंबर मग पोलीस भरतीच्या फॉर्मवर, पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनमध्ये, नोकरीच्या कागदांत तुमच्या मागे येतो. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाच्या ग्राउंडशेजारून धावणाऱ्या पोरांना भरतीसाठी चारित्र्य पडताळणी म्हणजे काय ते सांगायला नको.

गावठी कट्ट्याचं आणखी एक. नीट न बनवलेली नळी चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. धाक दाखवायला घेतलेली वस्तू भांडणात बाहेर निघते आणि मग समोरचा म्हणजे कुणी परका कलेक्टर नसतो. तो असतो आपल्याच गल्लीतला, कधी काळी एका बाकावर बसलेला.

अनंतने पिस्तूल कुणाला दाखवायला घेतलं नव्हतं. त्याने त्यासोबत फोटोही काढला नाही. फोटो काढला तो आई-वडिलांसाठी, साधा. पुढच्या वेळी नाशिकला मॅच लागली आणि स्क्रीनवर त्या मैदानाचं नाव आलं, तर शेजारी बसलेल्या मित्राला एवढं तरी सांगा की हे नाव एका अठरा वर्षांच्या मुलाचं आहे, त्याने मैत्रीवर कादंबरी लिहिली होती आणि ठाण्याच्या तुरुंगात त्याच्यासोबत एक मास्तर आणि एक लॉचा विद्यार्थी त्याच सकाळी फासावर गेले.